भिंगाच्या ड्रॉइंगवर कुठे घट्ट राहायचं आणि कुठे सोडायचं

तुमचा प्रश्न आधी पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. तुम्ही मेकॅनिकल इंजिनिअर आहात. गिअरचे दात तपासणाऱ्या कॅमेऱ्यासाठी तुमच्या टीमने चार भिंगांची लेन्स डिझाइन केली आहे. पुढे २५ मिमी व्यासाचं, दोन भिंगं चिकटवून केलेलं डब्लेट (पहिला रेडियस ५०, शेवटचा ५००), मध्ये २० मिमीचं मेनिस्कस, म्हणजे एक बाजू बहिर्गोल आणि दुसरी अंतर्गोल असलेलं भिंग (रेडियस ३० आणि २८, जाडी ३) आणि सेन्सरपासून ४ मिमीवर एक फील्ड लेन्स. फोकल लेंग्थ १०० मिमी, एफ/४, हिरवा एलईडी, पिक्सेल ३.४५ मायक्रॉन. आधी २० नग, जमलं तर ३००. ड्रॉइंगवर तुम्ही सगळ्या पृष्ठभागांना लॅम्डा/१० (आकारातली चूक तरंगलांबीच्या दहाव्या भागात), स्क्रॅच-डिग (ओरखडे आणि खड्डे) १०-५, रेडियसला ०.१ टक्का, मधल्या जाडीला ±०.०१ आणि सेंटरिंगला (दोन्ही पृष्ठभाग एकाच अक्षावर असण्याला) कोनाचे ३० सेकंद असं लिहून तीन ठिकाणी पाठवलंत. दोन कोटेशनांत चौपट फरक आला, तिसऱ्याने जमणार नाही म्हणून कळवलं. आता तुम्ही विचारताय, "नेमके कोणते आकडे लिहू?"

शेवटी आकडे देतोच. पण तुमची खरी अडचण आकड्यांची नाही. तुम्ही टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारी चूक, हे दर्जाचं प्रमाणपत्र असल्यासारखं लिहिलं आहे: जितकं घट्ट तितकं चांगलं. माझ्या इतक्या वर्षांच्या कामात टॉलरन्सचा अर्थ वेगळा ठरला आहे. चित्र किती बिघडलेलं चालेल हे एकदा ठरलं, की ते बिघडणं कोणाच्या वाट्याला किती द्यायचं याची ती वाटणी असते. काचेला किती, घासणाऱ्याला किती, सेंटरिंगच्या मशीनला किती, तुमच्या बॅरलला (भिंगं बसवायच्या नळीला) किती आणि जोडणी करणाऱ्या मुलाला किती. सगळ्यांना सारखंच कमी दिलं तर पैसा जिथे काही मिळत नाही तिथे खर्च होतो, आणि जिथे खरंच आवळायला हवं तिथे लक्ष जात नाही.

काही गोष्टी तुमच्या डिझाइन फाइलवर अवलंबून आहेत आणि ती मी पाहिलेली नाही. म्हणून खालचे आकडे तर्काच्या दिशेसाठी घ्या. शेवटचा शब्द तुमच्या संवेदनशीलता तक्त्याचा, म्हणजे कोणत्या चुकीने चित्र किती बिघडतं त्या यादीचा.

पहिला प्रश्न: जोडणीच्या वेळी काय हलवता येणार आहे? तुमच्या लेन्समध्ये फोकस फिरवून लॉक करायची सोय असेल असं मी धरतो. तसं असेल तर अर्धी लढाई तिथेच जिंकली. एफ/४ ला हिरव्या प्रकाशात फोकसची खोली साधारण ±०.०१७ मिमी. रेडियस, जाडी, काचेचा अपवर्तनांक यांतल्या चुकांनी फोकल लेंग्थ अर्धा टक्का जरी हलली, तरी फोकस अर्धा मिमी सरकतो, म्हणजे त्या खोलीच्या जवळजवळ तीसपट. फोकस पक्का बसवलेला असेल तर ही चूक आवरणारे टॉलरन्स कोणीच बनवून देऊ शकणार नाही. फोकस हलवता येत असेल तर आट्यांच्या एका फेऱ्यात ती निघून जाते. मोजमापातला अर्ध्या टक्क्याचा फरक तुम्ही कॅलिब्रेशनच्या पट्टीने तसाही काढणारच. म्हणजे एकच टॉलरन्स एका रचनेत अशक्य आणि दुसऱ्या रचनेत बिनमहत्त्वाचं. म्हणून टॉलरन्सिंगच्या फाइलमध्ये सगळ्यात आधी ही हलणारी गोष्ट कॉम्पेन्सेटर म्हणून टाका. नवीन लोक ही पायरी हमखास विसरतात आणि मग सॉफ्टवेअर त्यांना घाबरवून सोडतं.

दुसरं, चित्राची अट आकड्यात बांधा. तुमच्या अल्गोरिदमवाल्या सहकाऱ्याला विचारा की मिमीला १०० काळ्या-पांढऱ्या रेषाजोड्यांवर किती कॉन्ट्रास्ट पुरतो. समजा डिझाइन ०.६२ देतंय आणि त्याला ०.४० पुरे आहे. म्हणजे ०.२२ तुमच्या हातात. त्यातले काही तापमान आणि फोकस लॉक करताना होणाऱ्या सरकण्याला ठेवा, बाकीचे भिंगांना आणि बॅरलला वाटा. मग प्रत्येक चूक एकेक करून टाका, फोकस पुन्हा जुळवू द्या आणि कॉन्ट्रास्ट किती पडतो ते उतरत्या क्रमाने लावा. चाळीस-पन्नास ओळींचा तक्ता येईल. माझ्या अनुभवात खरं नुकसान वरच्या सहा-आठ ओळी करतात. पैसा त्या ओळींवर लावायचा. खालच्या ओळींना कारखान्याचं रोजचं टॉलरन्स द्यायचं आणि शांत झोपायचं.

चुका एकत्र करताना सरळ बेरीज करू नका. दहा चुकांनी प्रत्येकी ०.०४ पडत असेल तर बेरीज ०.४० होते, पण वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ ०.१३ च्या आसपास येतं. सगळ्या चुका एकाच नगात, एकाच दिशेने, टोकाला जाणं फार दुर्मीळ. कॉन्ट्रास्ट मात्र बहुतेक वेळा खालीच जातो, म्हणून वर्गमूळाचा हिशोब अंदाजापुरता ठेवा आणि शेवटी माँटे कार्लो (सॉफ्टवेअरमध्ये चुका नशिबाने पडतील तशा टाकून केलेली चाचणी) चालवून १०० पैकी किती नग पास होतात ते बघा.

आता एकेक टॉलरन्स घेऊ.

रेडियसपासून सुरू करतो, कारण "०.१ टक्का" हा आकडा तुमच्या ड्रॉइंगवरचा सगळ्यात फसवा आकडा आहे. भिंग घासणारा कारागीर रेडियस टक्क्यांत मोजत नाही. पॉलिशचं काम चालू असताना तो भिंग पुसतो, त्यावर टेस्ट प्लेट (नेमक्या रेडियसची नमुना काच) अलगद ठेवतो आणि दोघांमधल्या फटीमुळे एकरंगी दिव्याखाली दिसणाऱ्या प्रकाशाच्या कड्या मोजतो. मधोमध हलकं दाबल्यावर कड्या बाहेर पसरल्या तर भिंग मध्ये टेकतंय, आत आल्या तर कडेला टेकतंय. हाताच्या उबेने काच फुगते, म्हणून चांगला कारागीर लगेच निकाल देत नाही. प्लेट आणि भिंग दोन्ही बाजूला ठेवतो, थोड्या वेळाने पुन्हा बघतो. त्याच्यासाठी रेडियसची चूक म्हणजे कड्यांची संख्या, म्हणजेच फ्रिंज.

रेडियसचा एका फ्रिंजमागचा फरक चार गुणिले तरंगलांबी गुणिले रेडियसचा वर्ग भागिले व्यासाचा वर्ग असा येतो. ६३३ नॅनोमीटरला, २५ मिमी व्यासावर, तुमच्या ५० रेडियसच्या पृष्ठभागाला एक फ्रिंज म्हणजे ०.०१ मिमी. ५०० रेडियसला तीच एक फ्रिंज म्हणजे १ मिमी. आता ०.१ टक्का लावून बघा. ५० वर ०.०५ मिमी, म्हणजे ५ फ्रिंज, रोजचं काम. ५०० वर ०.५ मिमी, म्हणजे अर्धी फ्रिंज, हे चांगलंच अवघड. आणि सपाटपणाकडे झुकलेला तो पृष्ठभाग तुमच्या चित्रात जवळजवळ काहीच बिघडवत नाही. एकाच ओळीने तुम्ही महत्त्वाच्या पृष्ठभागाला मोकळं सोडलंत आणि बिनमहत्त्वाच्याला आवळलंत. म्हणून रेडियसचं टॉलरन्स फ्रिंजमध्ये लिहा. आयएसओ १०११० (भिंगांच्या ड्रॉइंगचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या पद्धतीत ते '३/' या कोडखाली येतं. ३/५(०.५) म्हणजे रेडियसची चूक ५ फ्रिंजपर्यंत चालेल आणि आकारातली अनियमितता अर्ध्या फ्रिंजपर्यंत. तरंगलांबी कोणती तेही सोबत लिहा. जुन्या टेस्ट प्लेटचा माणूस ५४६ नॅनोमीटर धरून बसलेला असतो आणि इंटरफेरोमीटरवाला ६३२.८.

याहून मोठी बचत मात्र वेगळीच आहे. ज्यांच्याकडून भिंगं करून घेणार त्यांच्याकडून आधी टेस्ट प्लेटची यादी मागवा. तुमच्या ५० च्या जागी त्यांच्याकडे ४९.७३ किंवा ५०.२१ ची प्लेट तयार असेल. डिझाइन त्या रेडियसवर बसवा, बाकीचे रेडियस पुन्हा जुळवून घ्या. २० नगांसाठी नवीन टेस्ट प्लेटची जोडी बनवायला लावणं म्हणजे खर्चही आणि आठवडेही.

अनियमिततेचं गणित वेगळं, कारण ती फोकसने निघत नाही. इथे लॅम्डा/१० कुठून आलं असेल याचा मला अंदाज आहे. दुर्बिणीचे आरसे घासणाऱ्या मंडळींकडून, पुण्यातल्या आयुकात किंवा इतरत्र झालेल्या कार्यशाळांतून, हा आकडा खूप फिरतो. रॅलेचा जुना निकष असा की तरंगाग्रातली (भिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशलहरीच्या आकारातली) चूक पाव तरंगलांबीच्या आत असली की चित्र चांगलं. आरशावर प्रकाश जाऊन परत येतो, म्हणून पृष्ठभागाची चूक दुप्पट होते आणि आरशाला लॅम्डा/८ किंवा त्याहून चांगलं लागतं. भिंगात उलटं आहे. तिथे चुकीला अपवर्तनांक वजा एक, म्हणजे साध्या क्राउन काचेत ०.५२ ने गुणायचं. आरशाच्या तुलनेत भिंगाचा पृष्ठभाग जवळजवळ चौपट सैल चालतो.

तुमच्या डब्लेटच्या बाहेरच्या दोन पृष्ठभागांना प्रत्येकी अर्धी फ्रिंज, म्हणजे पाव लॅम्डा दिलं तर तरंगाग्रात क्राउनच्या बाजूने ०.१३ आणि फ्लिंटच्या बाजूने (अपवर्तनांक १.६७ धरून) ०.१७ लॅम्डा येतं. मेनिस्कसवर एका बिंदूचा प्रकाश पूर्ण २० मिमीवर पडत नसणार. तो १२ मिमीच्या गोलावर पडतो असं धरलं तर तिथली अर्धी फ्रिंज ०.०६ वर येते. चारही वर्गमूळाने मिळवले तर ०.२३ लॅम्डा, हिरव्या प्रकाशाच्या हिशोबाने ०.२७. पाव लॅम्डाच्या अगदी जवळ. फील्ड लेन्सवर तर एका बिंदूचा प्रकाश जेमतेम १ मिमीच्या ठिपक्यातून जातो, तिथे दोन फ्रिंज अनियमितता दिली तरी फरक पडत नाही. डब्लेटच्या चिकटवलेल्या पृष्ठभागावर दोन काचांच्या अपवर्तनांकातला फरकच महत्त्वाचा. एन-बीके७ (क्राउन) आणि एन-एसएफ५ (फ्लिंट) या काचा असतील तर तो ०.१५६, म्हणून तिथे एक फ्रिंज सहज चालते. लॅम्डा/१०, म्हणजे ०.२ फ्रिंज, यांपैकी कुठेच लागत नाही. अर्ध्या फ्रिंजपर्यंतचं काम चांगला कारखाना नेहमी करतो. पाव फ्रिंजच्या खाली गेलं की कारागीर बदलतो, मशीन बदलतं, आणि दर वेगळ्याच पट्टीने लागतो.

आता सेंटरिंग, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण मेकॅनिकल इंजिनिअर म्हणून इथली किल्ली तुमच्या हातात आहे. तुम्ही २५ मिमीच्या भिंगाला ३० सेकंद लिहिलं आहे. त्याचा अर्थ कडेच्या जाडीतला फरक साडेतीन मायक्रॉनच्या आसपास. बरं, दिलं कोणी असं भिंग. ते तुम्ही बसवणार कशात? समजा बॅरलचा बोअर २५ ला +०.०२/० आणि भिंगाचा व्यास −०.०२/−०.०५. सगळ्यात सैल जोडीत ०.०७ मिमी मोकळीक, म्हणजे भिंग ०.०३५ मिमी बाजूला सरकू शकतं. ५० रेडियसच्या पृष्ठभागासाठी ०.०३५ सरकणं म्हणजे २.४ मिनिटांचा तिरपेपणा. भिंगाला ३० सेकंदांसाठी पैसे मोजले आणि बॅरलने त्याच्या जवळजवळ पाचपट घालवले. या दोन आकड्यांचा एकत्र विचार झालाच नाही, कारण एक आकडा ऑप्टिक्सच्या ड्रॉइंगवर आणि दुसरा मशीन शॉपच्या.

डब्लेटसाठी मी भिंगाला जी-६ आणि बोअरला एच-७ (फिटिंगच्या मापांच्या ठरावीक श्रेणी) देईन. २५ ला कमाल मोकळीक ०.०४१ होते, म्हणजे सरकणं ०.०२. त्याच्या जोडीला भिंगाचा वेज (कडेच्या जाडीतल्या फरकाचा कोन) दीड मिनिटाच्या आसपास पुरेसा, तक्ता वेगळं सांगत नसेल तर. मात्र एच-७/जी-६ मध्ये किमान मोकळीक फक्त ०.००७ राहते. ॲल्युमिनियम काचेपेक्षा तिपटीने आकुंचन पावतं. जोडणीच्या तापमानापेक्षा १० अंश खाली गेलं तर २५ मिमीवर ०.००४ मोकळीक खाल्ली जाते. आपल्याकडच्या कारखान्यात हे चालून जातं. यंत्र कोल्ड स्टोरेजमध्ये जाणार असेल तर बॅरल स्टीलचं करा, किंवा मोकळीक वाढवून डब्लेट फिरत्या टेबलावर सेंटर करून अतिनील किरणांनी जमणाऱ्या गोंदाने बसवा. ३०० नगांना ही दुसरी पद्धत मला जास्त आवडते, कारण मग भिंग आणि बोअर दोन्ही सैल ठेवता येतात.

तिसऱ्या माणसाने नाही का म्हटलं असेल? माझा अंदाज मेनिस्कसवर आहे. सेंटरिंगचं नेहमीचं मशीन भिंगाला दोन बाजूंनी गोल कपांमध्ये धरतं. स्प्रिंगच्या दाबाने भिंग घसरत घसरत स्वतःच मधोमध बसतं, आणि मग कड घासली जाते. पण घसरायला दोन पृष्ठभागांच्या उतारात फरक हवा. तुमच्या मेनिस्कसचे रेडियस ३० आणि २८, जाडी ३. पहिल्या पृष्ठभागाचा केंद्रबिंदू समोरच्या टोकापासून ३० मिमीवर, दुसऱ्याचा ३ अधिक २८, म्हणजे ३१ मिमीवर. दोन केंद्रांत फक्त १ मिमी अंतर. दोन्ही उतार जवळजवळ समांतर, त्यामुळे भिंग कपात जसं ठेवाल तसंच राहतं, घसरतच नाही. शिवाय भिंगाचा प्रकाशीय अक्ष म्हणजे या दोन केंद्रांना जोडणारी रेषा. १ मिमी अंतरावरच्या दोन ठिपक्यांवरून काढलेली रेषा ०.०१ मिमीच्या चुकीने ३४ मिनिटांनी वळते. अशा भिंगाच्या अक्षाला ३० सेकंदांचं टॉलरन्स देणं म्हणजे जे नीट मोजताच येत नाही ते मागणं.

सुदैवाने चित्राला त्या अक्षाशी देणंघेणं नाही. भिंग जर त्या सामाईक केंद्राभोवती किंचित फिरलं तर जवळजवळ काहीच बदलत नाही. बदल होतो तो एका पृष्ठभागाच्या तुलनेत दुसरा किती तिरपा आहे याने. म्हणून इथे अक्षाचं नाव काढू नका. अंतर्गोल बाजूची चपटी कडा आणि भिंगाची गोल बाजू हे आधार धरा, आणि भिंग फिरवताना बहिर्गोल पृष्ठभागावर डायल किती हलतो ते लिहा, म्हणजे एकूण ०.०१ मिमी. हे कोणत्याही कारखान्यात मोजता येतं आणि तुमच्या बॅरलमध्ये भिंग बसतंही त्याच आधारावर. डिझायनरला एक विनंती करून बघा: जाडी वाढवून किंवा एक रेडियस बदलून केंद्रांतलं अंतर १ वरून ४-५ मिमी करता येतंय का. कामगिरीत किंचित तोटा झाला तरी बनवणाऱ्यांची संख्या वाढते.

मधल्या जाडीबद्दल सांगायला मला स्वतःची एक चूक सांगावी लागेल. कामाच्या पहिल्या काही वर्षांत एका मोजमाप यंत्राच्या ऑब्जेक्टिव्हसाठी मी जड फ्लिंट काचेच्या भिंगावर १०-५ आणि जाडीला ±०.०२ असं लिहिलं होतं. ती काच मऊ, पुसतानाही तिच्यावर केसासारखे ओरखडे उठतात. पहिल्या लॉटमधली निम्म्याहून जास्त भिंगं ओरखड्यांपायी बाजूला निघाली. कारागिरांनी ती पुन्हा पॉलिशवर घेतली, ओरखडे गेले, पण घासताना जाडी माझ्या ±०.०२ च्या खाली गेली. दोन्ही बाजूंनी आवळल्यामुळे भिंग वाचवायची वाटच मी बंद केली होती. नंतर नाकारलेलं एक भिंग आणि पास झालेलं एक भिंग त्याच यंत्रात आलटून पालटून बसवून मी चित्रं पाहिली. फरक दिसला नाही. ज्या माणसाने दोन दिवस त्या भिंगांवर सिरियमचा चिखल फिरवला होता तो शेजारीच उभा होता. तेव्हापासून ड्रॉइंगवर आकडा लिहिताना तो आकडा कोणाच्या हातात जाणार आहे हे मी डोळ्यांसमोर आणतो.

यातूनच एक व्यावहारिक गोष्ट कळते. पुन्हा पॉलिश करायला माल उरावा म्हणून कारखाना जाडी नेहमी वरच्या टोकाकडे ठेवतो. सॉफ्टवेअरमधली घंटेच्या आकाराची वाटणी जाडीला लागू पडत नाही. माँटे कार्लोमध्ये जाडी अधिककडे झुकलेली टाका, तर निकाल प्रत्यक्षाच्या जवळ येतो. डब्लेटच्या दोन्ही भिंगांना ±०.१ पुरावं. मेनिस्कसची जाडी मात्र तुमच्या तक्त्यात वर असणार असं मला वाटतं, कारण दोन्ही रेडियस जवळजवळ सारखे असताना भिंगाची शक्ती जाडीवरच टिकलेली असते. तिथे ±०.०३ मागा. त्या बदल्यात तिथला स्क्रॅच-डिग सैल करा.

स्क्रॅच-डिगमध्ये दुसरा आकडा खड्ड्याचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: ४० म्हणजे ०.४० मिमी व्यासाचा खड्डा. पहिला आकडा ओरखड्याचा, पण ती रुंदी नाही. मिल-पीआरएफ-१३८३० या अमेरिकी लष्करी मानकाच्या पद्धतीत ओरखडा नमुन्याशेजारी धरून डोळ्यांनी ताडला जातो, म्हणून दोन तपासनिसांत एकमत होईलच असं नाही. मोजता येईल असं हवं असेल तर आयएसओ १०११० मधला '५/' कोड वापरा, त्यात दोषाचं क्षेत्रफळ धरलं जातं.

महत्त्वाचं काय, तर दोष कुठे आहे. डब्लेटच्या तोंडाशी एका बिंदूचा प्रकाश २५ मिमीभर पसरलेला असतो. तिथला ०.४ मिमीचा खड्डा त्यातला ०.०३ टक्केही अडवत नाही. सेन्सरपासून ४ मिमीवर, एफ/४ ला, तोच प्रकाश १ मिमीच्या ठिपक्यात गोळा झालेला असतो. तिथे तोच खड्डा १६ टक्के प्रकाश अडवतो आणि चित्रात राखाडी डाग उमटतो. तुमचा अल्गोरिदम त्याला गिअरच्या दातावरचा दोष समजेल. म्हणून डब्लेट आणि मेनिस्कसला ६०-४०, आणि फील्ड लेन्सच्या दोन्ही बाजूंना २०-१०. तिथे ०.१ मिमीचा खड्डा एक टक्का अडवतो, तेवढं तुमच्या फ्लॅट-फील्ड (चित्रभर उजेड सारखा करणाऱ्या) दुरुस्तीत जातं. धुळीलाही हाच नियम लागू आहे, म्हणून जोडणीच्या टेबलावरची स्वच्छता पुढच्या भिंगापेक्षा मागच्या भिंगासाठी पाळा.

काचेबद्दल थोडक्यात. अपवर्तनांकाला ±०.०००५ आणि अब्बे आकड्याला (काच रंग किती पसरवते ते सांगणाऱ्या) ±०.५ टक्का ही कॅटलॉगमधली नेहमीची प्रत तुम्हाला पुरेल. ३०० चा लॉट करताना एकाच वितळणीची काच मागवा आणि तिचा दाखला घ्या, म्हणजे निदान सगळे नग एकमेकांसारखे येतील. समांगतेची खास प्रत एवढ्या पातळ भिंगांना मागू नका.

एक ओळ तुमच्या ड्रॉइंगवर दिसली नाही: वापरातला व्यास. हे सगळे टॉलरन्स कोणत्या गोलाच्या आत लागू आहेत ते लिहिलंच नाही तर कारखाना कडेपर्यंत धरतो. पॉलिशमध्ये कड नेहमी किंचित खाली पडते. तिथपर्यंत अर्धी फ्रिंज हवी असेल तर त्यांना भिंग मोठं बनवून नंतर कापावं लागतं. २५ मिमी प्रकाश हवा असेल तर भिंगच २७-२८ चं करा. बोअरचं वरचं गणित त्या मापावर पुन्हा करा.

मग येतो मोजण्याचा प्रश्न. लिहिलेलं प्रत्येक टॉलरन्स कोण, कशाने, कोणत्या आधारावर मोजणार हे ऑर्डर देण्याआधी ठरवा. हबल दुर्बिणीचा २.४ मीटरचा आरसा अतिशय गुळगुळीत आणि अचूक घासला होता, पण ज्या चाचणी उपकरणावर विसंबून घासला त्यातलं एक भिंग १.३ मिमी चुकीच्या जागी बसलं होतं. आरशाची कड सुमारे २ मायक्रॉन जास्त सपाट झाली. दुसऱ्या, साध्या उपकरणाने चूक दाखवलीही होती, ती बाजूला ठेवली गेली. १९९० मध्ये दुर्बीण वर गेली आणि दुरुस्ती १९९३ च्या डिसेंबरात झाली. तुमच्या कामात याचा अर्थ इतकाच की पहिल्या २० नगांत कारखान्याच्या अहवालासोबत तुमची स्वतःची एक वेगळी चाचणी असू द्या. पूर्ण लेन्सचं कॉन्ट्रास्ट चार कोपऱ्यांत आणि मध्ये मोजा. लेन्स तिच्या अक्षाभोवती ९० अंश फिरवून पुन्हा मोजा. खराब कोपरा लेन्ससोबत फिरला तर दोष सेंटरिंगचा, कॅमेऱ्यासोबत राहिला तर सेन्सर तिरका बसला आहे.

तर सुरुवातीचे आकडे. डब्लेट: रेडियस कारखान्याच्या टेस्ट प्लेटवर, ५ फ्रिंज, अनियमितता बाहेर ०.५ आणि चिकटवलेल्या पृष्ठभागावर १, जाडी ±०.१, वेज दीड मिनिट, व्यास जी-६, ६०-४०. मेनिस्कस: ५ फ्रिंज, ०.५, जाडी ±०.०३, डायलवर एकूण ०.०१, ६०-४०. फील्ड लेन्स: ५ फ्रिंज, २, जाडी ±०.१, वेज ५ मिनिटं, २०-१०. डब्लेट आणि मेनिस्कसमधल्या स्पेसरला (अंतर राखणाऱ्या कड्याला) सुरुवातीला ±०.०२. हे सगळं फाइलमध्ये टाकून माँटे कार्लो चालवा. १०० पैकी ९० पास होत असतील तर असंच पाठवा. होत नसतील तर तक्त्यातल्या सगळ्यात वरच्या एकाच ओळीला निम्मं करा आणि पुन्हा चालवा. एका वेळी एकच.

ज्यांनी नाही म्हटलं त्यांना फोन करून नेमकी कोणती ओळ अडली ते विचारा. ज्याने उत्तर द्यायला दोन मिनिटं घेऊन ड्रॉइंग समोर ओढलं, त्याच्याकडे मी २० नगांची पहिली ऑर्डर देईन. तुमच्या तक्त्याच्या वरच्या दहा ओळी इथे टाकल्यात तर मेनिस्कसची जाडी आणि स्पेसर यांत कोणाला आवळायचं ते आपण बघू. त्या दोघांपैकी स्पेसर तुम्ही स्वतः लेथवर आवळू शकता आणि तो काचेपेक्षा खूप स्वस्तात आवळला जातो.